पाच गाठींची सापसुरळी

३ मार्च, सोमवार

संग्रहालयाच्या रजिस्टरात मत लिहायची सोय नसते. क्रमांक, ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, की संपलं. पस्तीस वर्षं मी तसंच लिहीत आले आणि मला ते आवडतंही. पण आज जे आलंय ते त्या रकान्यांत मावणार नाही, म्हणून ही वेगळी वही. कुणाला दाखवायची नाही.

सकाळी दगडाच्या खाणीतला सुरुंगवाला आला. डोंगरात छिद्रं पाडायची आणि त्यांत दारू भरायची हे त्याचं काम. टेबलावर त्याने जेवणाचा डबा ठेवला. मी म्हटलं, "इथे जेवायला परवानगी नाही."

"जेवण नाही बाई, जिवंत आहे."

झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. आत एक सापसुरळी. अंग तपकिरी, गुळगुळीत, बोटापेक्षा थोडं लांब. शेपटी मात्र निळी. शाईची दौत सांडावी तशी निळी. मी गेली कित्येक वर्षं स्पिरिटमधल्या राखाडी शेपट्याच बघतेय, त्यामुळे क्षणभर मला तो कुणीतरी केलेला चावटपणाच वाटला.

"पश्चिमेच्या कड्यावर मशीन लावलं की चिरेतून या बाहेर पळतात," तो म्हणाला. "एकदोन नाहीत, पुष्कळ आहेत. पंचवीस तारखेला तो कडा उडवायचाय. म्हटलं कुणालातरी सांगावं."

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. सुट्टी होती."

आधी तो जिल्हा कचेरीत जाऊन आलाय. कचेरीने पत्र देऊन त्याला इकडे पाठवलं. पत्रात लिहिलंय की चोवीस मार्चला त्या कड्याबद्दल सुनावणी आहे. ही कोणती जात आणि तिचं मूळ ठिकाण कोणतं, हे संग्रहालयाने लेखी द्यावं. ती त्या कड्यावरचीच असेल आणि दुसरीकडे कुठे नसेल तर सुरुंग लागणार नाहीत. नाहीतर लागतील. संचालकांनी पत्र माझ्या टेबलावर सरकवलं आणि "जपून हं" एवढंच म्हणाले. ते कुठल्याही गोष्टीला एवढंच म्हणतात.

भिंगाखाली तिने डोळा मिटला, तरी आतलं काळं बुबुळ दिसत राहिलं. खालच्या पापणीत स्वच्छ पारदर्शक खिडकी. मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. इथल्या लहान सापसुरळ्यांत अशी पापणी एकाच जातीला आहे, आणि ती चौतीस वर्षांत कुणी जिवंत पाहिलेली नाही. मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी शोधलेली, सरांची सापसुरळी.

४ मार्च, मंगळवार

तिला ओल्या फडक्यात धरून काखेपासून जांघेपर्यंतच्या बरोबर मध्यावर अंगाभोवतीच्या खवल्यांच्या रांगा मोजल्या. अठ्ठावीस. पुन्हा मोजल्या. अठ्ठावीस. चहा पिऊन आले आणि तिसऱ्यांदा मोजल्या. नदीकाठी सगळीकडे सापडणाऱ्या साध्या सापसुरळीला चौतीस असतात आणि पापणीला खिडकी नसते, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

मग सरांची बरणी काढली. जात सरांनी ज्यांच्यावरून जगाला सांगितली ते तीन नमुने. तिघांनाही अठ्ठावीस, तिघांनाही खिडकी. मागच्या पायाला सरांच्या पद्धतीचा दोरा, त्याला ओळीने पाच गाठी. सुटू नये म्हणून सर गाठींवर गाठी मारायचे. माणूसच तसा, चपलेचा अंगठाही दोनदा शिवून घ्यायचा.

जात तीच. आता ठिकाण. बरणीतल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'नदीकाठ, वाळू.'

हीच तर सगळी रड आहे. सरांनी शोधनिबंधात नदीकाठ लिहिलं आणि मग दुसरा नमुना मिळावा म्हणून अकरा उन्हाळे ते नदीकाठची वाळू उकरत राहिले. एकदाही मिळाली नाही. लोक हसायला लागले. भर सभेत एकाने 'सरांच्या स्वप्नातली सापसुरळी' असं नाव ठेवलं. कुणी म्हणालं, नमुने कुठूनतरी मागवलेत. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सरांनी नोकरी सोडली, वाळू मात्र उकरतच राहिले, आणि नंतर कधी संग्रहालयाची पायरी चढले नाहीत.

ती आता माझ्या टेबलावर बसून जीभ बाहेर काढतेय. कड्यावरची.

५ मार्च, बुधवार

नवऱ्याने काचेची पेटी करून दिली. तो जन्माचा काचवाला. आता दुकान पुतण्या बघतो, पण हात अजून शिवशिवतात. पेटीच्या अर्ध्या भागात वाळू घातली, अर्ध्या भागात एकावर एक चपटे दगड. ती वाळूवरून धावत गेली आणि दोन दगडांच्या फटीत शिरली. पुन्हा वाळूवर ठेवली, पुन्हा फटीत. दिवसभरात नऊ वेळा. वाळूत तोंड खुपसण्याचं तिच्या मनातही आलं नाही.

नवरा म्हणाला, "झालं की. दगडातली आहे. लिहून टाक."

"चिठ्ठीवर वाळू आहे."

"मग चिठ्ठी चुकली असेल."

मी त्याला सुनावलं. आमच्याकडे चिठ्ठी चुकत नाही. स्पिरिट बदलताना एका वेळी एकच बरणी उघडायची. चिठ्ठी बाहेर काढून त्याच बरणीच्या झाकणावर ठेवायची, स्पिरिट भरलं की झाकणावरची चिठ्ठी परत आत. हा नियम सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितला आणि तेव्हापासून मी डझनभर माणसांना घोकून घेतलाय. दोघींना तर रडवलंय.

"बरं बाई, दोन झाकणंवाली," तो म्हणाला आणि हसत आत गेला. हे नाव त्याने लग्नाआधीच ठेवलंय. का ते देव जाणे. त्याच्या निम्म्या थट्टा त्याच्या त्यालाच कळतात.

८ मार्च, शनिवार

सुरुंगवाल्याबरोबर कड्यावर गेले. सत्तावन्नाव्या वर्षी हे धंदे करायचे नसतात, गुडघ्यांनी रात्री जाहीर निषेध केला.

पण पाहिलं. अख्खा डोंगर तिचा नाही. पश्चिमेला एक पट्टा आहे, चालत दहा मिनिटांचा. तिथे दगड पापुद्रे सुटल्यासारखा थरांनी सुटतो आणि थरांमध्ये दोन बोटं जातील एवढ्याच चिरा राहतात. दुपारी दगडाला हात लावला तर पोळतो आणि चिरेत हात घातला तर गार. बाकीचा डोंगर अखंड दगडाचा. तिथे मुंगीला लपायलाही जागा नाही. दुपारपर्यंत मी सात शेपट्या मोजल्या. सातही चिरांत शिरल्या.

थरांवर ठिकठिकाणी पांढऱ्या रंगाने फुल्या मारल्यात. मी विचारलं, या कशाच्या?

"छिद्रांच्या," तो म्हणाला. "फुल्या मीच मारल्यात."

"कडा थांबला तर तुझं काम जाईल."

"पूर्वेला दगड आहे की. तिकडून ट्रकला वळसा पडतो, म्हणून मालकाला हा कडा हवाय." मग जरा वेळाने, "तुम्ही लिहून द्याल ना बाई? माझ्या बोलण्याला कोण विचारतो."

मी हो म्हटलं. आता वाटतं, फार पटकन म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

खाणमालकांनी नेमलेले तज्ज्ञ बरणी बघायला आले. माझ्याबरोबरच सरांच्या हाताखाली शिकलेले. 'स्वप्नातली सापसुरळी' हे नाव ठेवणारे तेच. आता सुटाबुटात असतात, आवाज मात्र तसाच, गोड.

त्यांनी रांगा मोजल्या, माझं मोजणं बरोबर असल्याचं मोठ्या मनाने सांगितलं. मग चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "म्हणजे सर खरं बोलत होते. आनंद आहे. पण मग ही नदीकाठची. खाणीवर रोज नदीची वाळू घेऊन ट्रक येतात. चार जणी त्यातून आल्या, दगडांत शिरल्या. बिचाऱ्या घर चुकल्या आहेत."

"मी सात मोजल्यात. आणि त्या फक्त चिरांत असतात."

"पाहुणा मिळेल त्या खोलीत राहतो. शोधनिबंध सरांचा, चिठ्ठी तुमच्या अक्षरातली. तुम्हीच इथे सगळ्यांना शिकवता, आठवणीपेक्षा चिठ्ठी खरी."

शिकवलंय खरं. मी बरणी उचलून फळीवर ठेवली.

संचालकांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी लगेच ठरवून टाकलं. सुनावणीनंतर सापसुरळी नदीकाठी सोडायची, फोटो काढायचे. वाळूत ती दोन दिवस जगणार नाही, घार उचलेल. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "जपून हं."

१२ मार्च, बुधवार

संचालकांनी पाहुण्यांना दाखवायला तिला पेटीतून उचललं. शेपटीला धरून! निळी शेपटी त्यांच्या बोटांत राहिली आणि वळवळत बसली. ते ओरडले. मीही ओरडले, पण त्यांच्यावर. तिने आज काही खाल्लं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

तीन दिवस विचार करून एकाच जागी पोहोचते आहे. चिठ्ठी चुकलेली आहे. ती मी लिहिली, पण सर सांगायचे आणि मी लिहायची. ते एकेक नमुना हातात घ्यायचे, पायाकडे बघायचे आणि ठिकाण सांगायचे. मी मान वर न करता लिहायची. म्हणजे सर चुकीचं बोलले. दुसरं काय असणार?

सरांबद्दल असं लिहिताना लाज वाटते. पण माणूस आहे, थकला असेल. उद्या त्यांच्याकडे जायला हवं. सुनावणीला दहा दिवस उरलेत आणि त्यांचं वय शहाऐंशी.

१५ मार्च, शनिवार

दार सरांच्या सूनबाईंनी उघडलं. म्हणाल्या, "डोळ्यांना कमी दिसतं, कानांना नको तेवढं ऐकू येतं. जपून बोला."

सर खिडकीशी बसले होते. मी सापसुरळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. "जिवंत? पोरी, जिवंत? शेपटीचा रंग काय?" मी निळी म्हटलं. तुटली हे सांगवलं नाही. ते किती वेळ नुसते "निळी, निळी" म्हणत होते. निबंधात त्यांनी 'फिकट करडी' लिहिलंय, स्पिरिटमधली बघून.

मग मी मुद्द्यावर आले. शक्य तेवढ्या हळू म्हटलं, "सर, ती कड्यावर सापडते. नदीकाठी कधीच नव्हती. मला वाटतं, त्या दिवशी सांगताना तुमच्याकडून ठिकाण चुकलं असेल."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"असेल," ते म्हणाले. "तू तर मी सांगितलं तेच लिहिलं असणार. तुझं काम कधी चुकलं नाही."

"सुनावणीला कागद लागेल सर."

"लिही. मी सही करतो."

मी लिहिलं, 'ठिकाण सांगण्यात चूक माझ्याकडून झाली.' त्यांनी बोटाने जागा चाचपून सही केली. वाकडी आली म्हणून पुन्हा केली. निघताना कपाटातली शिबिरांची वही दिली आणि म्हणाले, "अकरा उन्हाळे उगाच घालवले म्हणायचे. माझीच मी दिशाभूल केली." आणि हसले.

कागद मिळाला, आता सुटले असं वाटायला हवं होतं. घरी आल्यावर नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

१७ मार्च, सोमवार

संचालकांना कागद दाखवला. त्यांनी तो तज्ज्ञांना फोनवर वाचून दाखवला. उत्तर आलं, "शहाऐंशीच्या म्हाताऱ्याला चौतीस वर्षांपूर्वीचं आठवलं म्हणून डोंगर थांबत नाही. पुरावा आणा."

बरोबर आहे त्यांचं, हीच मोठी चीड आहे. मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून सरांची वही उघडली. पहिल्याच पानावर सरांच्या किरट्या अक्षरात लिहिलंय, 'शिबिरात चिठ्ठ्या लिहायला वेळ नसतो. जितवं शिबिर तितक्या गाठी.' पुढे शिबिरांची यादी. दुसरं शिबिर, नदीकाठ. पाचवं शिबिर, पश्चिमेचा कडा.

म्हणजे गाठी सुटू नयेत म्हणून नव्हत्या. गाठी म्हणजेच ठिकाण! सर पायाकडे बघून गाठी मोजायचे आणि सांगायचे. पस्तीस वर्षं मी त्या गाठींना चपलेच्या अंगठ्याचे टाके समजत होते.

धावतच तळघरात गेले. 'नदीकाठ' लिहिलेल्या बरणीतल्या तिघींना पाच पाच गाठी. मग त्याच काळातली 'पश्चिमेचा कडा' लिहिलेली दुसरी बरणी शोधली. साध्या सापसुरळ्यांची, तिला कोण विचारतो. त्यांच्या पायाला दोन दोन गाठी. आणि आत नमुने चार.

मूळ रजिस्टर काढलं, पहिल्या दिवसाचं. नदीकाठ, नमुने चार. कडा, नमुने तीन. म्हणजे सर बरोबर बोलले होते, चिठ्ठ्याही बरोबर बरण्यांत गेल्या होत्या. नंतर केव्हातरी दोन्ही बरण्या कुणीतरी एकदम उघडल्या आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सरांनी हिवाळ्यात निबंध लिहायला घेतला तेव्हा चिठ्ठी वाचली. एकदा चिठ्ठी झाली की गाठी कोण मोजतो.

सर निर्दोष आहेत, पुरावा हातात आहे आणि कडा वाचतोय! आता फक्त तो गाढव शोधायचा. तेव्हाचा शिपाई असेल. तो झोपेतच काम करायचा.

१८ मार्च, मंगळवार

स्पिरिट बदलल्याचं रजिस्टर पाहिलं. पकडल्यापासून निबंधापर्यंत त्या फळीवरचं स्पिरिट एकदाच बदललंय. बारा सप्टेंबर. सही माझी.

पण मी एका वेळी एकच उघडते. नेहमीच. शिपायाने मागून काहीतरी केलं असेल. तारीख मात्र कुठेतरी ओळखीची वाटतेय.

रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, "बारा सप्टेंबरला काय होतं रे?"

त्याने घास खाली ठेवला. "विसरलीस? अगं, मी तुमच्या कपाटांच्या काचा बसवायला आलो तो दिवस. आपण पहिल्यांदा भेटलो."

"अरे हो, तोच तो. पण त्या दिवशी मी काय करत होते?"

"उभी होतीस. दोन्ही हातांत दोन झाकणं. प्रत्येकावर एकेक कागद. मी विचारलं, ताई, तुटलेली काच कुठली? ताई म्हटल्यावर तू अशी चिडलीस की दोन्ही झाकणं टेबलावर आपटलीस. मी कागद उचलून दिले, तू लाल झालीस, काम घाईघाईने उरकलंस आणि मला काच दाखवायला आलीस. म्हणून तर..." तो हसला. "दोन झाकणंवाली."

मी हात धुवायला उठले ते बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले.

आठवतं. आता सगळं आठवतं. सर गावाला गेले होते. लवकर संपवून त्या काच बसवणाऱ्याशी बोलायला मिळावं म्हणून मी दोन बरण्या एकदम उघडल्या होत्या. सकाळपासून तो खिडकीतून दिसत होता. आयुष्यात एकदाच. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणून मी तो जपलाय.

१९ मार्च, बुधवार

कामावर गेले नाही.

२० मार्च, गुरुवार

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते मी पाच दिवसांपूर्वी सरांना प्रत्यक्ष करून दाखवलं. वर त्यांची सही घेतली. दोनदा.

नवऱ्याला सांगितल्यावर त्याचाही चेहरा उतरला. चौतीस वर्षं तो मला ज्या नावाने चिडवत होता ते काय होतं, हे त्याला कळलं. म्हणाला, "मी कागद उलटसुलट दिले असतील. माझं नाव सांग."

"बरण्या तू उघडल्या होत्यास?"

तो माझ्या पाठीवर हात ठेवून बसला.

संचालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं. "पुढच्या वर्षी तुमची निवृत्ती आहे. सरांचा कागद आहेच. गाठींचं सांगा, रजिस्टरातली संख्या सांगा, स्पिरिटचं रजिस्टर कशाला काढता? कुणीतरी केलं, कोण ते कळत नाही. अळीमिळी गुपचिळी."

मला ते पटलं. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिते, दोन तास मला ते पूर्ण पटलं होतं. मग लक्षात आलं, तज्ज्ञांचा पहिलाच प्रश्न असेल की अदलाबदल केव्हा झाली आणि कुणी केली. उत्तर नसलं की ते म्हणणार, मग नमुनेच इकडचे तिकडे झाले नसतील कशावरून, गाठी नंतर मारल्या नसतील कशावरून. तारीख, सही आणि प्रत्यक्ष बघणारा माणूस, तिन्ही माझ्याच घरात आहेत. मी बोलले नाही तर पंचवीसला फुल्यांवर छिद्रं पडतील.

आणि माझ्या सहीशिवाय भागलं असतं तर? तर सरांच्या सहीचा तो खोटा कागद मी सादर केला असता का? याचं उत्तर मला देता येत नाही.

२३ मार्च, रविवार

सुनावणीआधी सरांना सांगायला हवं होतं. गेले.

उभ्या उभ्या सांगितलं. गाठी, रजिस्टर, दोन झाकणं, काचवाला, सगळं. त्यांचा कागद त्यांच्या हातात परत दिला.

सरांनी कागद बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर सांगितलं होतं."

"हो सर."

"अकरा उन्हाळे." आवाज चढला. "अकरा! बायको म्हणायची, सोडा तो नाद, पोरांना सुट्टीत कुठेतरी न्या. मी वाळू उकरत होतो. लोक तोंडावर हसले. तू माझ्या शेजारी बसून उकरत होतीस! आणि आठ दिवसांपूर्वी येऊन मलाच सांगितलंस, सर, तुमचं चुकलं असेल."

"मला माहीत नव्हतं सर."

"माहीत करून घ्यायचं असतं. तेच तर आपलं काम आहे." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "जा आता."

सूनबाई दारापर्यंत आल्या. बसमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? मी नाही म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

कचेरीतली लांबट खोली, पंखा कुरकुरणारा. टेबलाच्या त्या बाजूला अधिकारी बाई, या बाजूला आम्ही. नवरा आणि सुरुंगवाला मागे भिंतीशी, दोघांनी केस चोपून बसवलेले.

मी दोन बरण्या मांडल्या. पहिली उघडली, गाठी मोजायला भिंग दिलं, बंद केली. मग दुसरी उघडली. मग मूळ रजिस्टर, मग स्पिरिटचं रजिस्टर, शेवटी माझी सही.

तज्ज्ञ उठले. आवाज गोडच. "बाई, पस्तीस वर्षांत तुमच्या हातून एकही चिठ्ठी चुकली नाही, असं तुम्ही नेहमी सांगता."

"सांगत होते."

"मग आजच आठवावं, हा योगायोग?"

"आठवलं मला नाही. माझ्या नवऱ्याला आठवलं. तो त्यावरून मला चौतीस वर्षं चिडवतोय."

अधिकारी बाईंनी नवऱ्याला पुढे बोलावलं. त्याने झाकणांची गोष्ट सांगितली, 'ताई' सकट. खोलीत कुणीतरी हसलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं, पण तो शेवटपर्यंत बोलला आणि एक शब्द वाढवला नाही. मग सुरुंगवाल्याने मोडक्यातोडक्या शब्दांत चिरांचं सांगितलं. वाळूचे ट्रक पूर्वेच्या फाटकात रिकामे होतात, पश्चिमेच्या कड्यापर्यंत रस्ताच नाही, हेही त्यानेच सांगितलं. हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. तज्ज्ञ खाली बसले.

निर्णय चार वाजता आला. जातीचं मूळ ठिकाण पश्चिमेचा कडा. त्या पट्ट्यात सुरुंग लावता येणार नाहीत.

संचालक बाहेर येऊन म्हणाले की चौकशी मात्र करावी लागेल, माझी. मी म्हटलं, करा. सुरुंगवाला फुल्या पुसायला कोणता रंग लागेल, हे नवऱ्याला विचारत होता.

२६ मार्च, बुधवार

काल सूनबाईंचा फोन आला होता. "सर विचारतात, तिला सोडणार कधी? त्यांना यायचंय. तुमच्याशी बोलणार नाहीत असंही सांगायला सांगितलंय."

आज सुरुंगवाल्याने आणि नवऱ्याने सरांना खुर्चीसकट उचलून कड्याच्या पायथ्याशी नेलं. उन्हात त्यांचे डोळे गळत होते. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि भिंग दिलं. ते वाकून इतके जवळ गेले की नाक काचेला लागलं.

"शेपटी?"

"तुटली सर. संचालकांनी धरली. त्या दिवशी मी सांगितलं नाही."

"हं. अजून काही राहिलंय का सांगायचं?"

"नाही."

खुंटाला नवं टोक फुटू लागलंय, तांदळाच्या दाण्याएवढं. सरांनी तेही पाहिलं. मग दगडावर पेटी आडवी केली. ती बाहेर आली, थांबली, डोळे मिटून उन्हात क्षणभर पडून राहिली. मिटल्या डोळ्यांनीही तिला आम्ही दिसत असणार. मग ती सरकन चिरेत गेली. सरांनी हात लांब करून चिरेवर तळवा टेकला. आतला गारवा त्यांना लागला असेल. ते फार वेळ तसेच बसले. मी रडत होते आणि लपवत नव्हते.

"कागद आणलायस?" त्यांनी विचारलं.

चिठ्ठीचा कागद आणि पक्की शाई माझ्या पर्समध्ये कायमच असते. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पश्चिमेचा कडा, थरांच्या चिरा. तारीख जुनीच. पाचवं शिबिर, गाठी पाच.

"जुनी चिठ्ठी कुठे आहे?"

"बरणीतच आहे सर."

"तिथेच राहू दे. चुकीची चिठ्ठी फेकायची नसते. नवीच्या खाली लिही, आधीची चिठ्ठी चुकीची, आणि कोणाकडून ते."

मी माझं नाव लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाचता आलं नसावं, पण पुष्कळ वेळ धरून ठेवला.

"अक्षर तसंच आहे का अजून?"

"आहे सर."

"मी माफ वगैरे केलेलं नाही," ते म्हणाले. "शेपटी पुरी आली की कळव. निळी येते का बघायचंय."

संध्याकाळी तळघरात गेले. नवरा बरोबर आला. बरणी उघडली आणि झाकण त्याच्या हातात दिलं. नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी आत सोडली. मग त्याच्याकडून झाकण परत घेतलं, बंद केलं, आणि त्यानंतरच दुसऱ्या बरणीला हात लावला.